दिप्याच्या हाताचा गुण

मशीन रुसलं, असं मी म्हणायचे. दोन महिने हेच म्हणत होते, येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगत होते. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

मी माधुरी. टोकावड्याला एसटी थांब्यासमोर माझा एका गाळ्याचा धंदा हाय, लग्नपत्रिका जुळवायचा. पुढं टेबल, मागं पडद्याआड गॅस आणि माठ. नवरा टेम्पोवर, महिन्यातनं चार दिवस घरी. छपाई शहापूरला होते, मी नुसता मजकूर बसवून देते. नुसता म्हणायला! आमच्याकडं पत्रिका म्हणजे लग्नापेक्षा मोठं काम. भावकीतलं एक नाव राहिलं तर तो माणूस हळदीला येत नाय, आणि नाव असून खालच्या ओळीत गेलं तर येतो, पण जेवत नाय.

जनाबाईच्या नातवाची पत्रिका तर विचारू नका. एकशे शहाऐंशी नावं. म्हातारी तीन आठवडे रोज गाळ्यात येऊन बसली. "त्या आटगावच्या मावसभावाला वर घे गो, त्याची सून तलाठी हाय." मी वर घेतला. दुसऱ्या दिवशी, "त्याला खाली ढकल, काल बाजारात दिसला नि बोलला नाय." मी खाली ढकलला. असं करत करत सोमवारी शेवटचं नाव बसलं आणि म्हातारीनं माझ्या डोक्यावरनं हात फिरवून बोटं मोडली. मंगळवारी सकाळी नऊपर्यंत लाईट नव्हती. बॅटरी उतरली. लाईट आल्यावर बटण दाबलं, तर काळा पडदा आणि वरती इंग्रजीत एक पांढरी ओळ, सुरू करण्यासारखं कायच सापडत नाय अशा अर्थाची.

मी घाबरले नाय. ती ओळ मला पाठ झाली होती. दोन महिन्यांत ही आठवी खेप. मी फोन उचलला आणि माझ्या भावाला लावला.

भावाचं नाव दिपेश. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सहावीत होता आणि मी चौदावीचा विचार करत होते. विचार तिथंच ठेवला, नर्सरीत रोपं भरायला जायला लागले आणि त्याला शिकवला. आता आसनगावला त्याचा फ्लॅट हाय, बायको हाय, मुंबईला कंपनीत कॉम्प्युटरच्या खात्यात कामाला जातो. गेल्या भाऊबीजेला त्यानं मला हे नेटबुक, म्हणजे बारका लॅपटॉप, ओवाळणीत घातलं. ताटात मावेना, म्हणून निरांजन खाली ठेवावं लागलं. पाटीपेक्षा जरा मोठं, काळं, कोपऱ्याला टवका गेलेलं. कंपनीतनं मोडीत निघालेलं, पण त्यानं साफसूफ करून आत लिनक्स बसवलं होतं. "ताई, विंडोज यात रडत बसेल. हे हलकं हाय, फुकट हाय, व्हायरसचं टेन्शन नाय." मी त्याच्यासमोरच रडले. आधी मी पत्रिका दुसऱ्याच्या दुकानात बसून करायचे, तासावर. आता माझं स्वतःचं मशीन.

चार महिने दणक्यात चाललं. बटण दाबलं की चालू. मग शिमगा झाला आणि ते एकाएकी उठेना. दिपेशला फोन केला, तर सुट्टीच्या दिवशी आसनगावहून किन्हवली-सरळगाव करत बाईकवर आला. आला तसा बोलला, "ताई, चहा टाक ना. तुझ्या हातचा." मी पडद्यामागं गेले. आलं ठेचलं, दूध उतू जाता जाता वाचवलं, कप घेऊन बाहेर आले, तर मशीन चालू! "काय केलंस रे?" तर हसला. "काय नाय. हार्डडिस्क म्हातारी झालीय. तिला माझ्या हाताची सवय हाय."

आमच्याकडं कावीळ उतरवणारा एक जण हाय, हाड बसवणारी एक बाई हाय. औषध तेच दुसऱ्यानं दिलं तर लागू पडत नाय, त्यांनीच द्यावं लागतं. हाताला गुण असतो म्हणतात. मी माझ्या भावाला त्यांच्याच रांगेत नेऊन बसवला. जनाबाईला सांगितलं, समोरच्या ढाब्यावाल्याला सांगितलं, माझ्या दिप्याच्या हाताला गुण हाय. पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर नुसता बहिणीचं मशीन चालू करायला येतो. सात वेळा आला. त्यानं मला एकच पथ्य सांगितलं होतं: मशीन कधी बंद करायचं नाय, झाकण लावून झोपवायचं. मी पाळलं. पण लाईटवाल्यांना कोण पथ्य सांगणार?

तर मंगळवारी मी त्याला फोन केला. तो गाडीत होता, आवाज तुटत होता.

"ताई, आज जमणार नाय गं, ड्युटी हाय. उद्या भेटतोय ना मुरबाडला? मशीन घेऊन ये. सही झाली की तिथंच चालू करून देतो. पाच मिनटांचं काम."

उद्याचं काम म्हणजे हक्कसोड. ते सांगायलाच पायजे. बाबांची रस्त्याला लागून पावणेदोन एकर हाय. कायदा म्हणतो अर्धी माझी. गाव म्हणतं, बहिणीनं सही करून हक्क सोडायचा, भावानं साडी नेसवायची आणि माहेरची वाट उघडी ठेवायची. बुधवारी अकरा वाजता मी रजिस्ट्रार हापिसात ती सही करणार होते. नवऱ्यानं हात झटकले होते, "तुझ्या बापाचं, तुझं तू बघ." मला कोणी दमदाटी केली नव्हती. खरं सांगते, मी गावाला भिऊन तयार झाले नव्हते आणि साडीचं मला काय डोंबल पडलंय. मी तयार झाले ते त्या सात फेऱ्यांना बघून. उन्हातान्हात जो भाऊ एवढं करतो, त्याच्याशी मी एकराचा हिशेब करू? गाळ्याचं भाडं भरताना कधी वाटायचं, रस्त्याच्या कोपऱ्यावर आपलंच एवढंसं दुकान असावं. वाटायचं आणि जायचं.

पण जनाबाईचं काम उद्यावर टाकता येईना. प्रेसवाल्याला फाईल मंगळवारीच पायजे होती, नायतर पुढचे आठ दिवस त्याची मशीनं दुसऱ्या कामाला. फाईल एकच, तीपण मशीनच्या पोटात. माझी अक्कल. मी नेटबुक टॉवेलात गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि एसटी धरून शहापूर गाठलं. प्रेसवाला बोलला, "लिनक्स? ते आमच्या पोराला येत नाय. सावळाराम मास्तरांकडं जा. मागच्या आळीत, ओटीवर मशीनं उघडी पडलेली दिसतील ते घर."

सावळाराम मास्तर गणित शिकवून रिटायर झालेले. बनियनवर बसले होते, चष्मा कपाळावर, मांडीवर कोणाचा तरी उघडा लॅपटॉप. मी सगळं सांगितलं. हाताच्या गुणाचंपण सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि चष्मा खाली ओढला.

"पडलं होतं?"

"नाय."

"पाणी गेलं आत?"

"नाय."

"मंग बघू पाणी कुठं मुरतंय."

त्यांनी मशीन चालू करता करता एक बटण टकटक दाबलं. निळा पडदा आला. मी तो कधी बघितला नव्हता. त्यांनी बोट ठेवलं. "ही तुझी डिस्क. मेली असती तर इथं नाव दिसलं नसतं."

"मेली नाय, म्हातारी झालीय. भाऊ बोलला."

"तेपण तपासू." त्यांनी स्वतःचा एक पेनड्राईव्ह लावला. त्यात वेगळं लिनक्स होतं, परक्या घरात शिरून बघायला लागतं तसलं. मशीन त्याच्यावर उठलं. मास्तरांनी डिस्कची तपासणी लावली, दहा मिनिटं आकडे सरकले. "म्हातारी? तुझ्या-माझ्यापेक्षा धडधाकट हाय. आणि ह्या बघ तुझ्या पत्रिका."

जनाबाईची फाईल तिथंच होती. मी हुश्श केलं. वाटलं, चला, काम झालं, भाऊ उद्या बाकीचं बघेल. तेवढ्यात मास्तर बोलले, "पण बूटलोडर कुठं गेला?"

"तो कोण?"

"बटण दाबल्यावर मशीन आंधळं असतं. लिनक्स कुठं हाय ते त्याला माहीत नसतं. एक बारकासा प्रोग्राम त्याला हाताला धरून तिथं नेतो, तो बूटलोडर. तुझं लिनक्स जागेवर हाय, कामं जागेवर हायत. नेणारा नाय. त्याची खोली रिकामी हाय." मग त्यांनी मान वाकडी करून विचारलं, "याला कोणी पेनड्राईव्ह लावतं का गो?"

"नाय," मी बोलले.

"आठव. मघाशी निळ्या पडद्यावर बघितलं मी. उठल्या उठल्या पहिला नंबर पेनड्राईव्हला दिलाय. बूटलोडर पेनड्राईव्हवर असला तर तो लावला की मशीन चालू होतं. एकदा चालू झालं की पेनड्राईव्ह काढून खिशात टाकला तरी चालत राहतं. बंद पडेपर्यंत."

बंद पडेपर्यंत. कधी बंद करायचं नाय, झाकण लावून झोपवायचं. माझ्या कानशिलात गरम झालं. दिपेशच्या बाईकच्या किल्ल्यांना एक लाल पेनड्राईव्ह लटकतो. चहा घेऊन मी बाहेर यायचे तेव्हा तो जुडगा टेबलावर मशीनच्या अगदी शेजारी असायचा. मी म्हणायचे, किल्ल्या हायत.

"झाली असेल चूक," मी घाईनं बोलले. "बसवताना चुकून गेला असेल पेनड्राईव्हवर."

"होतं तसं. पुष्कळांचं होतं, माझंपण झालंय."

"मंग! तेच झालं. उगीच माझ्या भावावर आळ घेऊ नका, मास्तर. तुमाला काय माहीत तो कसा हाय? आई गेल्यापासनं माझ्या हातचं खाऊन वाढलाय तो." मी भांडायला उठले होते, खरोखरीच उठले होते, एक चप्पल पायात गेली होती.

मास्तर शाळेतल्यासारखे शांत. "मी कोणाचं नाव घेतलं काय? मी गणित मांडतोय. बसवतानाच चूक झाली असती, तर पहिल्या दिवसापासनं पेनड्राईव्ह लागला असता. तू सांगतेस, पहिले चार महिने नुसतं बटण दाबून चालू व्हायचं. कसं?"

मी चप्पल काढून खाली बसले.

"लिनक्स एक वही ठेवतं," मास्तर बोलले. "मालक म्हणून पासवर्ड टाकून जो जो हुकूम दिला, तो कोणी दिला, कुठल्या दिवशी, किती वाजता. बघायची का? नको असेल तर नको. मी बूटलोडर बसवून देतो, घरी जा."

मी बोलले, बघा. का बोलले? मला वाटलं, वहीत दुसरंच काय तरी निघेल आणि मी मास्तरांना तोंडावर सांगेन, बघितलंत?

त्यांनी ओळी मागं मागं नेल्या. एप्रिल गेला. मार्च आला. बोट थांबलं. "दिपेश," त्यांनी वाचलं. "पाच वाजून छत्तीस मिनटं. बूटलोडर पेनड्राईव्हवर बसवला. पाच बेचाळीस. डिस्कवरचा काढून टाकला. चुकून नाय झालं, पोरी. आधी तिथं मांडलंन, चालतंय याची खात्री केलंन, मंग इथलं पुसलंन." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटून तारीख दाखवली. "धुळवड होती."

धुळवडीला दिपेश आला होता. कानामागं रंग तसाच होता. त्याच्या बायकोनं पुरणपोळ्या दिल्या होत्या. खाता खाता तो बोलला, "ताई, बाबांच्या जमिनीचं एकदा कागदावर करून टाकू. तू सही दिलीस की माझ्या एकट्याच्या नावावर होईल, पुढं कटकट नको." मी बोलले, "बघू रे. घाई काय हाय?" एवढंच. तोंडात पुरणपोळी होती माझ्या. मनात ना नकार होता, ना काय. झालंच तर कोपऱ्यावरचं गाळ्याएवढं मागावं का, असं एक येऊन गेलं. तो हसला. मग बोलला, "ताई, चहा टाक ना."

पाच छत्तीस ते पाच बेचाळीस मी आलं ठेचत होते.

मी तिथं ओटीवर बसून रडले नाय. राग एवढा होता की रडायला जागा नव्हती. मास्तरांनी आत जाऊन पाणी आणलं. मग बोलले, "घरात कायतरी चाललंय का सध्या?" मी बोलले, "उद्या त्याला जमिनीची सही द्यायचीय." चांगला माणूस. सल्ला दिला नाय. अर्ध्या तासात त्यांनी बूटलोडर जागेवर बसवला, स्वतःचा पेनड्राईव्ह काढला, मशीन पूर्ण बंद केलं आणि माझ्यासमोर सरकवलं. "दाब." मी बटण दाबलं. चालू झालं. माझ्या हातानं. मी तीनदा बंद करून तीनदा चालू केलं. त्यांनी काय घेतलं नाय. "त्या पत्रिकेत माझं नाव घालू नकोस म्हणजे झालं," बोलले. एरवी मी हसले असते.

प्रेसवर फाईल टाकली आणि परतीची एसटी धरली. किन्हवलीपर्यंत मी त्याच्यासाठी कारणं शोधत होते. हे मला कबूल करायलाच पायजे. कंपनीचा कायदा असेल. त्याच्या बायकोनं भरीला घातलं असेल. वही खोटं लिहीत असेल. सरळगावपर्यंत सगळी कारणं संपली. सात वेळा तो माझ्या दारात आला, सात वेळा मला आत पाठवलं, सात वेळा माझ्या हातचा चहा पिऊन वर माझ्याकडनं कौतुक घेतलं. एकदा तर मी त्याची दृष्ट काढली होती. मीठ-मिरच्या ओवाळल्या. तो मान खाली घालून उभा राहिला, शहाण्या बाळासारखा. केसानं गळा कापला म्हणतात ना, तो हा. आणि ओरडू कोणावर? आपलेच दात नि आपलेच ओठ.

संध्याकाळी त्याचा मेसेज आला. 'ताई उद्या ११ शार्प. मशीन आण.' मी फोन केला नाय. फोनवर माणूस खोटं बोलताना दिसत नाय. मला त्याचं तोंड बघायचं होतं. आणि खरं सांगू? मनात एक वेडी आशा होती की उद्या तो स्वतःहून सांगेल. सही घ्यायच्या आधी सांगेल.

बुधवारी मुरबाडला पोचले तेव्हा तो आधीच आला होता. बाहेरच्या बाकड्यावर कमळूकाका साक्षीला बसले होते, बाबांचे चुलतभाऊ. शेजारी दिपेशचा एक मित्र, दुसरा साक्षीदार. दिपेशच्या काखेत फाईल, हातात साडीच्या दुकानाची पिशवी. मला बघून उठला, वाकून पाया पडला. नेहमीसारखाच. मी मागं सरकले, पण त्याला कळलं नाय.

"टायपिंग झालंय. आपला अकरावा नंबर हाय. वाचून दाखवू?"

"आधी मशीन," मी बोलले. "जनाबाईचं काम अडलंय."

"सही झाल्यावर करू ना, ताई. पाच मिनटं."

"आधी."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग हसला. "बरं, दे. तू तेवढ्यात काकांना पाण्याची बाटली आणतेस का? समोर टपरी हाय."

मी काकांकडं वळले. "काका, तहान लागलीय?"

"मला?" काका दचकले. "नाय गो. आत्ताच प्यालो."

"मशीनला जरा शांतपणा लागतो," दिपेश बोलला.

"लागू दे. मी बोलणार नाय. इथंच बसते."

त्यानं नेटबुक मांडीवर घेतलं. झाकण उघडलं. उजवा हात खिशात गेला आणि किल्ल्यांचा जुडगा मुठीत घेऊन बाहेर आला. मुठीतनं लाल टोक दिसत होतं. तो माझ्याकडं बघत नव्हता. मी अजून वाट बघत होते. आत्ता सांग, मनात म्हणत होते. अजून नंबर यायचाय. आत्ता सांग, दिप्या.

"काका, ते बघा, तो तुमच्या ओळखीचा ना?" तो बोलला. काकांनी मान वळवली. मी वळवली नाय.

"पेनड्राईव्ह ठेव खिशात," मी बोलले. "नुसत्या हातानं कर."

त्याची मूठ तशीच राहिली. मी मशीन त्याच्या मांडीवरनं उचललं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि बटण दाबलं. पडदा उजळला. मी फाईल उघडली. जनाबाईच्या पत्रिकेवरचा गणपती आला, खाली भावकीची एकशे शहाऐंशी नावं.

बहिणीचं मशीन एवढ्या दिवसांनी स्वतःहून चालू झालं. खरा भाऊ असता तर म्हणाला असता, अरे वा. दिपेश बोलला, "कोणी केलं?"

झालं. मला वही दाखवायची गरजच पडली नाय.

"धुळवडीला, पाच बेचाळीस," मी बोलले. "मी आत चहा टाकत होते."

त्याचं तोंड पांढरं पडलं. मित्र उठून टपरीकडं गेला. काका एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होते. त्यांना काय कळलं नव्हतं, पण कायतरी मोडलंय एवढं कळलं होतं.

"ताई, ऐक. तसं नव्हतं मनात." त्याचा आवाज खाली गेला. "तू बघू बोललीस. जन्मात पहिल्यांदा मला बघू बोललीस. मी कायपण मागितलं, तू कधी बघू बोलली नव्हतीस. मला वाटलं, तू देणार नायस. मला वाटलं, तुला माझी गरज पडत राहिली तर..."

"तर मी झुकेन."

त्यानं साडीची पिशवी बाकड्याखाली सरकवली.

"मेल्या, मी झुकलेलीच होते," मी बोलले. माझा आवाज चढला होता, लोक बघत होते, बघू देत. "काल सकाळपर्यंत मी ही सही फुकट देणार होते. साडी नको, काय नको. दिपेश पन्नास किलोमीटर येतो, एवढ्यावर देणार होते. तुला नुसतं दुसऱ्यांदा विचारायचं होतं, रे. ताई, दे ना, असं. तू विचारलं नायस. तू मला अडकवलंस."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी होतं, मी ओळखते, लहानपणापासनं पुसलंय. अजून एक क्षण गेला असता, तर मी त्याला जवळ घेतला असता आणि काय केलं असतं देव जाणे. तेवढ्यात आतनं शिपायानं अकरा नंबर पुकारला.

दिपेशनं बाहीनं डोळे पुसले. फाईल उघडली, कागद वर काढले आणि पेनाचं टोपण काढून पेन माझ्यासमोर धरलं.

"चूक झाली, ताई. तुझ्या पाया पडतो. पण आता नंबर आलाय, काका सकाळपासनं खोळंबलेत. सही तेवढी करून टाक, मग घरी जाऊन काय त्या शिव्या घाल."

मी त्या पेनाकडं बघितलं. मग त्याच्याकडं. त्याला खरंच कळलं नव्हतं. तो पेन धरून उभा होता, मी घेईन याची त्याला खात्री होती.

शिपाई दारात आला. "अकरा नंबर? बाई, सही देताय ना?"

"नाय," मी बोलले. "माझी सही नाय."

दिपेशच्या फाईलमधनं मी टायपिंगसाठी दिलेलं माझं आधार कार्ड काढून घेतलं. मशीन टॉवेलात गुंडाळलं, काकांना येते बोलले आणि पायऱ्या उतरले. पाठीमागनं "ताई" अशी हाक आली. मग परत एकदा आली, जोरात. जन्मभर त्या हाकेला मी हातातलं टाकून धावले. आज वळले नाय. वळावंसं वाटलंपण नाय, आणि ते वाटलं नाय याचंच मला स्टँडवर रडू आलं.